कॉफीच्या डब्यातून निघणारे न्यायाधीश

अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया राज्यातल्या फिलाडेल्फिया शहरात न्यायाधीशांच्या निवडणुकीआधी एक सोडत होते. हॉर्न अँड हार्डार्ट या जुन्या कंपनीचा कॉफीचा पत्र्याचा डबा मांडलेला असतो आणि त्यात आकडे टाकलेले असतात. न्यायाधीशपदाचे उमेदवार, किंवा त्यांनी पाठवलेली माणसं, एकेक करून पुढे येतात, डब्यात हात घालतात आणि एक आकडा काढतात. एक किंवा दोन निघाला तर चेहरा खुलतो. सव्वीस निघाला तर काही जण पुढच्या दिवसांत उमेदवारीच मागे घेतात. प्रचार सुरू व्हायचा असतो, एकही मत पडलेलं नसतं, आणि तरी त्यांच्या दृष्टीने निवडणूक संपलेली असते. कारण हा आकडा म्हणजे मतपत्रिकेवर त्यांचं नाव कितवं येणार तो क्रम.

(हॉर्न आणि हार्डार्ट या जोडीने 1888 मध्ये याच शहरात खाणावळ काढली. 1902 पासून त्यांच्याकडे नाणं टाकलं की काचेची खिडकी उघडायची आणि आतली खाद्यवस्तू हाती यायची. कंपनी कधीच बुडाली, डबा मात्र सरकारी सेवेत टिकून आहे.)

नोव्हेंबर 2025 मध्ये पेनसिल्वेनियाच्या सर्वोच्च न्यायालयातल्या तीन न्यायाधीशांना पदावर ठेवायचं की नाही, यावर त्या राज्यात मतदान झालं. जाहिरातींवर पाण्यासारखा पैसा ओतला गेला आणि तिघेही पदावर राहिले. त्या बातम्या वाचून आपल्याकडे अनेकांना पहिला प्रश्न पडला तो असा, की न्यायाधीशांची निवडणूक हा काय प्रकार आहे? प्रश्न रास्तच आहे. पण त्या राज्यातली खरी चक्रावून टाकणारी गोष्ट सर्वोच्च न्यायालयात नाही, ती खाली, शहराच्या न्यायालयात घडते. तिथे जाहिराती नसतात, बातम्या नसतात, आणि मतपत्रिकेवर अनोळखी नावांची लांबलचक यादी असते.

न्यायाधीश निवडून आणायचे हे कुणाच्या डोक्यातून आलं?

अमेरिकेत न्यायालयांच्या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत. केंद्राच्या न्यायालयांतले न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट मान्यता देते आणि ते तहहयात पदावर राहतात. तिथे निवडणूक नाही. पण रोजचे खटले, म्हणजे खून, चोरी, घटस्फोट, मुलांचा ताबा, मृत्युपत्रं, अपघाताची भरपाई, हे बहुतेक राज्यांच्या न्यायालयांत चालतात आणि त्यांचे नियम प्रत्येक राज्य स्वतः ठरवतं. 38 राज्यांत तर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीशसुद्धा कोणत्या ना कोणत्या प्रकारे मतदारांसमोर जातात.

सुरुवातीला हे असं नव्हतं. राज्यपाल किंवा विधिमंडळ न्यायाधीश नेमायचं, आणि साहजिकच जवळच्यांची वर्णी लागायची. त्या वशिलेबाजीला कंटाळून 1832 मध्ये मिसिसिपीने सगळे न्यायाधीश लोकांनी निवडायचे असं ठरवलं. 1846 मध्ये न्यूयॉर्क त्या वाटेने गेलं, 1850 मध्ये पेनसिल्वेनिया. न्यायाधीश राजकारण्यांचा मिंधा राहू नये म्हणून काढलेला हा मार्ग होता, हे लक्षात ठेवलेलं बरं. पुढे जे झालं त्यातली गंमत त्याशिवाय कळत नाही.

सगळ्यांनी हे स्वीकारलं असंही नाही. फिलाडेल्फियातून डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडला की न्यू जर्सी लागतं, आणि तिथे न्यायाधीश राज्यपाल नेमतात. या भागात मराठी कुटुंबं दोन्ही काठांवर आहेत. नागरिकत्व मिळालेल्या दोन भावांपैकी एकाला न्यायाधीश निवडायचे असतात आणि दुसऱ्याला नाही, एवढा फरक एका पुलाने पडतो.

फिलाडेल्फियातली मतपत्रिका

शहराच्या मुख्य न्यायालयाचं नाव कोर्ट ऑफ कॉमन प्लीज. नव्वदहून अधिक न्यायाधीश असलेलं हे मोठं न्यायालय आहे. गंभीर गुन्ह्यांपासून कौटुंबिक तंट्यांपर्यंत सगळं इथे येतं. एकदा निवडून आलं की मुदत 10 वर्षांची. विषम सालात रिकाम्या झालेल्या जागांसाठी निवडणूक होते. जागा कधी सहा-सात असतात, कधी दहा-बारा, आणि उमेदवार वीस-पंचवीस किंवा त्याहूनही जास्त.

खरी लढत नोव्हेंबरात नसते, मे महिन्यात असते. मे महिन्यात होते ती प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण हे ठरवणारी पक्षांतर्गत निवडणूक. पेनसिल्वेनियात ज्याने त्या पक्षाचा मतदार म्हणून नोंद केली आहे त्यालाच तिथे मत देता येतं. फिलाडेल्फिया हा डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला, त्यामुळे त्या पक्षाची प्रायमरी जिंकली की नोव्हेंबरचं मतदान हा उपचार उरतो. आणि प्रायमरीत सगळेच उमेदवार एकाच पक्षाचे असल्याने पक्ष पाहून मत देण्याची सोय संपलेली असते.

मतदानयंत्रासमोर उभं राहिल्यावर दिसतं ते असं: "जास्तीत जास्त आठ जणांना मत द्या", आणि खाली पंचवीस नावं. चिन्ह नाही, छायाचित्र नाही, शिक्षण नाही, वकिली किती वर्षं केली ते नाही. एकेका जागेसाठी वेगळी लढत नसून आठही जागांसाठी एकच यादी असते. हा तपशील किरकोळ वाटतो, पण बराचसा घोळ त्यातच आहे.

वरच्या नावाला एवढं महत्त्व का?

यादीतल्या जागेमुळे, उमेदवाराच्या गुणांशी संबंध नसताना, जी जादा मतं पडतात त्यांना आपण 'क्रमाचा फायदा' म्हणू.

समजा, तुम्ही मुळात महापौर किंवा सरकारी वकील निवडायला आला आहात. त्यांच्याबद्दल तुमचं मत पक्कं आहे. ते दिलं आणि पुढे ही पंचवीस नावं आली. त्यातली दोन ओळखीची निघाली, एक शेजारणीने सांगितलेलं, एक कुठल्याशा खांबावरच्या फलकावर पाहिलेलं. ती दोन मतं झाली, सहा उरली. सहा मतं वाया घालवणं बऱ्याच जणांना जिवावर येतं. मग नजर यादीच्या सुरुवातीला जाते, कारण आपण यादी वरूनच वाचतो. नाव बरं वाटलं की बोट टेकतं. लग्नाच्या बुफेत पहिल्या दोन-तीन पदार्थांनीच ताट भरून जावं आणि शेवटच्या भाजीपर्यंत पोचेतो जागाच उरू नये, तसं आठ मतांचं हे ताट वरच्या नावांनीच भरून जातं. शेवटची भाजी वाईट होती असं कुणी म्हणत नाही. ती कुणी चाखलेलीच नसते.

म्हणून एकाच जागेच्या लढतीपेक्षा 'आठ निवडा' या पद्धतीत क्रमाचा फायदा जास्त बोकाळतो. मतदाराकडे ठाम मतं दोन-तीनच असतात, पण खर्च करायची मतं आठ असतात. मधल्या फरकाला काहीच आधार नसतो, आणि निराधार मत वरून खाली वाहतं.

आता जरा हिशेब करून पाहू. आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत. 2 लाख मतदार, 25 उमेदवार, आणि प्रत्येक मतदार सरासरी 5 मतं वापरतो. म्हणजे एकूण 10 लाख मतं, उमेदवारामागे सरासरी 40 हजार. यातले दहापैकी नऊ मतदार विचार करून मत देतात असं उदारपणे मानू. फक्त एक जण, म्हणजे 20 हजार मतदार, वरच्या पाच नावांवर खुणा करून मोकळे होतात. विचारी मतदारांची 9 लाख मतं पंचवीस जणांत वाटली की प्रत्येकी सरासरी 36 हजार. पण वरच्या पाच जणांना त्याशिवाय प्रत्येकी 20 हजार आयती मिळतात: 56 हजार विरुद्ध 36 हजार. दहातल्या एकाच मतदाराने केलेला आळस उमेदवाराची मतं दीडपटीहून जास्त फुगवतो. अशा लढतीत शेवटचा विजयी आणि पहिला पराभूत यांच्यात किती अंतर असतं याचा विचार केला, की डब्यासमोर चेहरे का उतरतात हे कळतं.

"वरचा उमेदवार खरोखर चांगला असेल की!"

ही शंका योग्य आहे, आणि तिचं उत्तर त्या डब्यातच आहे. क्रम उमेदवाराच्या लायकीवर, पैशावर किंवा पक्षातल्या वजनावर ठरला असता, तर वरच्याला मिळालेली जादा मतं क्रमामुळे की लायकीमुळे हे सांगणं अवघड होतं. पण क्रम सोडतीने ठरतो, म्हणजे वर चांगले उमेदवार आणि खाली सुमार उमेदवार असं जमून यायला काहीच कारण नाही. एखाद्या वर्षी योगायोगाने तसं होईल, पण अनेक निवडणुका एकत्र पाहिल्या की योगायोग पुसला जातो. तरीही वरचे सातत्याने पुढे राहत असतील, तर कारण क्रम हेच.

त्याहून पक्का पुरावा जिथे क्रम फिरता असतो तिथे मिळतो. 1998 मध्ये न्यूयॉर्क शहरातल्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत नावांचा क्रम मतदान केंद्रागणिक बदलत होता. तोच उमेदवार कुठे पहिला, कुठे तिसरा. अभ्यासकांनी अशा 79 लढती तपासल्या. त्यांतल्या 71 लढतींत उमेदवारांना मतांचा सर्वांत मोठा वाटा ते पहिल्या क्रमांकावर होते तिथेच मिळाला होता. माणूस तोच, शहर तेच, दिवस तोच, बदलली ती फक्त यादीतली जागा. त्यातल्या सात लढतींत हा फायदा विजयाच्या फरकापेक्षाही मोठा होता. सगळ्या केंद्रांवर एकच उमेदवार पहिला असता तर निकाल त्या जागेनेच लावला असता.

टेक्सासमध्ये क्रम जिल्ह्याजिल्ह्यात वेगवेगळ्या सोडतीने ठरतो आणि तिथे जिल्हे अडीचशेहून जास्त. सॅम ह्यूस्टन स्टेट विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ डॅरेन ग्रँट यांनी 2014 च्या राज्यव्यापी प्रायमरींचा अभ्यास केला. गाजलेल्या लढतींत क्रमाचा परिणाम नगण्य होता. पण मतपत्रिकेच्या तळाशी असलेल्या पदांत आणि न्यायाधीशांच्या लढतींत, शेवटच्या क्रमांकावरून पहिल्यावर आल्याने मतांचा वाटा जवळजवळ दहा टक्क्यांनी वाढत होता. ओहायोतल्या 1992 च्या निवडणुकांवरचा जुना अभ्यास सौम्य आहे. तिथे सुमारे निम्म्या लढतींत परिणाम दिसला आणि तो सरासरी अडीच टक्के होता.

हे आकडे एकमेकांशी भांडत नाहीत. मतदाराला जितकं कमी माहीत, तितका क्रम बोलतो. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत तो कुजबुजतो, शहराच्या न्यायाधीशाच्या प्रायमरीत ओरडतो.

मतदार बेफिकीर आहेत, दुसरं काय?

मला हे मान्य नाही. पंचवीस वकिलांतला कोण न्यायाधीश म्हणून शांत डोक्याचा निघेल, हे ओळखायला लागणारी माहिती सामान्य माणसाकडे येणार कुठून? आपण मुंबईतल्या किंवा पुण्यातल्या पंचवीस वकिलांची नावं समोर ठेवून कुणालाही विचारून पाहावं. शिवाय न्यायाधीशपदाच्या उमेदवाराला प्रचारात फार काही बोलताही येत नाही. 'मी निवडून आलो तर अमुक खटल्याचा निकाल तमुक लावीन' असं सांगणं नियमांतच बसत नाही. मग उरतं काय? मी निष्पक्ष आहे, मी कष्टाळू आहे. पंचवीसही जण हेच म्हणतात.

ही पोकळी भरायला दोन आधार आहेत. एक, वकिलांच्या संघटनेचा शेरा. फिलाडेल्फिया बार असोसिएशनची समिती उमेदवारांची चौकशी करून 'शिफारस' किंवा 'शिफारस नाही' असं जाहीर करते. काही वर्षांपासून 'खास शिफारस' हाही शेरा असतो. तो उपयोगी पडतो, पण ज्याच्यापर्यंत पोचतो त्यालाच. 'शिफारस नाही' असा शेरा बसलेले उमेदवारही निवडून आलेले आहेत.

दुसरा आधार आहे पक्षाची नमुना मतपत्रिका. शहरात 66 वॉर्ड आहेत, बहुतेकांचा एक पक्षप्रमुख आणि त्याच्या हाताखाली गल्लीबोळातले कार्यकर्ते. मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर ते एक कागद हातात देतात: आमचे आठ हे. कुणाची नावं त्या कागदावर येतात? पक्षाने पाठिंबा दिलेल्यांची. आणि पाठिंबा मिळालेल्या उमेदवारांनी पक्षाच्या खर्चाला हातभार लावायचा अशी रीत आहे. ही रक्कम हजारो डॉलरांत जाते. राजकारण्यांच्या तावडीतून न्यायाधीशांना सोडवायला 1850 मध्ये निवडणूक आणली होती, ती अशी फिरून वॉर्डप्रमुखाच्या खिशापाशी आली.

सहकारी साखर कारखान्याची किंवा पतसंस्थेची निवडणूक पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. एका गटातून तीन संचालक, यादीत पंधरा नावं, आणि बाहेर पॅनेलवाले हातात डमी मतपत्रिका देऊन सांगतात, कपबशीवर तीन शिक्के मारा. फरक एवढाच, की आपल्याकडे पॅनेलचं चिन्ह मतपत्रिकेवरही असतं, त्यामुळे यादीत नाव कुठेही असो, कपबशी शोधली की झालं. फिलाडेल्फियात आत गेल्यावर कपबशी नसते. कागद विसरलात की उरतो फक्त क्रम.

किंवा नाव. कसलाच आधार नसला की लोक नावाच्या नादावर मत देतात. लॉस एंजेलिसमध्ये 2006 साली झिंट्रा जानाव्स या वीस वर्षं पदावर असलेल्या, वकिलांच्या संघटनेने उत्कृष्ट शेरा दिलेल्या न्यायाधीश हरल्या. जिंकल्या त्या लिन ओल्सन, ज्या पतीबरोबर बेगल पावाचं दुकान चालवत होत्या आणि वकिली जवळपास थांबवून बसल्या होत्या. जानाव्स हे लॅटव्हियन नाव मतदारांना परकं वाटलं, असाच अर्थ तेव्हा बहुतेकांनी काढला. काही दिवसांतच राज्यपाल अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी जानाव्स यांना पुन्हा न्यायाधीश नेमलं. शिकागोच्या परिसरात आयरिश नावाला मतं पडतात हा समज इतका घट्ट आहे, की निवडणुकीआधी रीतसर नाव बदलून आयरिश झालेले वकील तिथे होऊन गेले. शेवटी इलिनॉय राज्याला कायदा करावा लागला: अलीकडे नाव बदललं असेल तर मतपत्रिकेवर पूर्वीचं नावही छापलं जाईल.

त्याच इलिनॉयमध्ये क्रमासाठी उमेदवार अर्ज भरण्याच्या पहिल्या दिवशी पहाटेपासून रांग लावतात, कारण दार उघडताना जे रांगेत असतील त्यांच्यातच पहिल्या क्रमांकाची सोडत होते. काही जण मुद्दाम शेवटच्या तासाला अर्ज भरतात. यादीचा शेवटही लक्षात राहतो, असा त्यांचा हिशेब.

"पण सोडत तर निःपक्षपाती आहे. मग तक्रार कसली?"

सगळ्यात चिवट आक्षेप हाच आहे, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते.

सोडत उमेदवारांना न्याय देते यात शंका नाही. डब्यात हात घालताना प्रत्येकाला सारखीच संधी असते. वर्णानुक्रम लावला असता तर ठरावीक आडनावांचं कायमचं फावलं असतं. ऑस्ट्रेलियात 1937 मध्ये असं घडलेलं आहे: न्यू साउथ वेल्समधून सिनेटसाठी मजूर पक्षाने अमूर, आर्मस्ट्राँग, आर्थर आणि अ‍ॅशली असे चार जण उभे केले, त्यांचा गट वर्णानुक्रमाने वर आला आणि चौघेही निवडून आले. नंतर तिथला नियमच बदलला. तेव्हा सोडत वर्णानुक्रमापेक्षा बरी, हे कबूल.

पण निवडणूक उमेदवारांसाठी नसते. जिचं मूल कुणाच्या ताब्यात जाणार हे उद्या ठरणार आहे, ती आई या सोडतीत कुठे आहे? तिच्या दृष्टीने प्रश्न एवढाच, की समोर बसलेला न्यायाधीश बरा आहे का. सोडतीपूर्वी सगळ्यांना सारखी संधी होती हे ऐकून तिला काय मिळणार! नशीब सगळ्यांना सारखं वाटलं, म्हणून नशिबाने केलेली निवड शहाणी ठरत नाही. आणि एकदा सोडत झाली की तो फायदा संपूर्ण शहरभर, प्रत्येक केंद्रावर, त्याच पाच-सहा जणांना मिळतो.

त्याचा परिणाम एका निवडणुकीपुरता राहत नाही. दहा वर्षांनी न्यायाधीशापुढे प्रतिस्पर्धी नसतो. 'यांना ठेवायचं का?' एवढाच हो-नाही प्रश्न मतदारांना विचारला जातो आणि उत्तर जवळजवळ नेहमीच हो असतं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातल्या रसेल नायग्रो यांना 2005 मध्ये लोकांनी नाही म्हटलं, ते इतकं विरळ होतं की आजही त्याचा दाखला दिला जातो. निवृत्तीचं वय 75. म्हणजे पंचेचाळिशीत डब्यातून दोन नंबर काढणारा वकील तीस वर्षं निकाल देत राहू शकतो.

सोडतीचा आणखी एक परिणाम मतमोजणीत दिसतच नाही. वाईट क्रम आला म्हणून जे माघार घेतात त्यांत चांगले लोकही असतात. ज्याच्याकडे पैसा आहे किंवा वॉर्डप्रमुखांचं पाठबळ आहे, तो तळाच्या क्रमांकावरूनही लढतो. ज्याच्याकडे फक्त वकिलीतला लौकिक आहे, तो घरी जातो.

क्रम फिरवला तर?

उपाय माहीत आहे आणि जुना आहे. ओहायोत नावं केंद्रागणिक फिरतात. कॅलिफोर्नियात राज्यव्यापी पदांसाठी आधी वर्णमालेतल्या अक्षरांचा क्रम सोडतीने ठरवून त्याप्रमाणे यादी लावतात आणि मग प्रत्येक विधानसभा मतदारसंघात पहिलं नाव तळाला नेऊन बाकीची वर सरकवतात. तिथे 1975 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पदावरच्या माणसाचं नाव आपोआप वर ठेवायची प्रथा रद्द केली, त्यानंतर ही अक्षरांची सोडत आली.

नाव फिरवल्याने मतदार जाणकार होत नाही. आळसाने दिलेलं मत आळसानेच दिलं जातं. फक्त ती 20 हजार मतं पाच जणांच्या झोळीत न पडता पंचवीस जणांत विखुरतात आणि एकमेकांना खोडून टाकतात. मग निकाल ठरवायला उरतात ती विचार करून दिलेली मतं. एवढ्याशा बदलाने याहून जास्त काय मिळायला हवं?

तरी पेनसिल्वेनियात ते होत नाही, कारण सोडतीची पद्धत राज्याच्या कायद्यात आहे आणि कायदा शहराला बदलता येत नाही. विरोधातली कारणं दिली जातात ती अशी: मतपत्रिकेचे अनेक नमुने छापावे लागतील, तपासणी वाढेल, केंद्राबाहेरच्या कागदावरचा क्रम आतल्या क्रमाशी जुळणार नाही. पहिल्या दोन कारणांत एके काळी दम होता. आता केंद्रावरचं मतदान पडद्यावर होतं. तिसऱ्या कारणात मात्र खरी गोम आहे असं मला वाटतं. मतदाराला जितकं कमी सापडेल तितकी कागद वाटणाऱ्याची किंमत वाढते, आणि कायदा बदलू शकणारे बरेच जण त्याच कागदावरून निवडून आलेले असतात.

निवडणूकच बंद करून समितीमार्फत नेमणुका कराव्यात, असा दुसरा पक्षही तिथे अनेक वर्षं आहे. पण नेमणुकीत वशिला नसतो असं म्हणणाऱ्याने आपल्याकडचा कॉलेजियमचा, म्हणजे न्यायाधीशांनीच न्यायाधीश सुचवण्याच्या पद्धतीचा, वाद आठवावा. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायिक नियुक्ती आयोग रद्द केला, त्यानंतरही तो शमलेला नाही.

आपल्या मतदानयंत्रावर काय होतं?

आपल्याकडे न्यायाधीश निवडणुकीने येत नाहीत. महाराष्ट्रात खालच्या पायरीवरचा दिवाणी न्यायाधीश लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन येतो. पण क्रमाचा प्रश्न विधानसभा-लोकसभेला आहेच. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 38 प्रमाणे आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षांचे, मग अपक्ष, आणि प्रत्येक गटात वर्णानुक्रम. म्हणजे मोठे पक्ष कायद्यानेच वर.

तरीही आपल्याकडे क्रमाचा फायदा फिलाडेल्फियाइतका नसावा असं मला वाटतं, कारण इथे नजर नाव शोधत नाही, चिन्ह शोधते. मत एकच द्यायचं असतं, त्यामुळे उरलेली मतं खपवायचा प्रश्न नाही. मुंबई सोडून इतर महापालिकांत एका प्रभागात अनेक जागा असतात, पण तिथेही अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेची यादी वेगळी असते आणि चिन्हं असतातच. बेळगाव लोकसभा मतदारसंघात 1996 मध्ये सीमाप्रश्नाकडे लक्ष वेधण्यासाठी मराठी भाषकांनी अर्जांचा पाऊस पाडला आणि उमेदवार झाले 456. एवढ्या मोठ्या यादीत चिन्ह नसतं तर काय झालं असतं याची कल्पना करावी.

चिन्ह असूनही गोंधळ होतो, ही गोष्ट वेगळी. रायगडमध्ये 2014 साली सुनील तटकरे 2,110 मतांनी हरले, आणि त्यांच्याच नावाच्या एका अपक्षाला नऊ हजारांहून अधिक मतं पडली होती.

फिलाडेल्फियात राहणाऱ्या, मताचा हक्क असलेल्या मराठी मंडळींसाठी थोडं कामाचं. पुढची अशी प्रायमरी मे 2027 मध्ये आहे. त्याआधी डेमोक्रॅटिक किंवा रिपब्लिकन मतदार म्हणून नोंद झालेली हवी, नाहीतर न्यायाधीशांची यादी समोर येणारच नाही. शहराचे निवडणूक आयुक्त मतदानापूर्वी नमुना मतपत्रिका संकेतस्थळावर ठेवतात आणि बार असोसिएशनचे शेरेही जाहीर होतात. दोन्ही शेजारी ठेवून नावं घरीच निवडावीत आणि चिठ्ठीवर लिहून न्यावीत. चिठ्ठी आत न्यायला परवानगी असते. आठही मतं दिलीच पाहिजेत असा नियम नाही. तीनच उमेदवारांबद्दल काही कळलं असेल तर तीनच मतं देऊन बाहेर यावं. चौथं मत अंदाजाने दिलं, तर ते आपण निवडलेल्या तिघांपैकीच एखाद्याला मागे टाकायला कारण ठरू शकतं.